परत न येणारा चाकू

आमच्या दाजींना माणसं कळत नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आलो आहे आणि त्यांनी ते कधी नाकारलेलं नाही. त्यांना सुऱ्या कळतात. एखाद्या घरातली भाजी चिरायची सुरी त्यांच्या हातात द्या, त्या घरातलं माणूस वस्तू जपतं की आपटतं, काम निगुतीनं करतं की उरकून टाकतं, हे ते दोन मिनिटांत सांगतील. त्याच माणसाला समोर उभं केलं तर दाजी त्याच्या बुटांकडे बघत बसतील.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिकारीला आणि मासेमारीला जाणाऱ्यांसाठी चाकू घडवणं हा त्यांचा धंदा आणि त्या चाकूंना चामड्याची म्यानं शिवणं हा माझा. दुकान एकच. पुढच्या खोलीत काउंटर, खिडकीखाली माझं टेबल, त्यावर आरी, मेणाचा दोरा आणि चामड्याचे तुकडे. मागच्या खोलीत भट्टी, ऐरण, पट्ट्याचं घासायचं मशीन आणि जळक्या तेलाचा असा वास की माझ्या बायकोनं माझ्या दुकानातल्या कपड्यांना घरबंदी केली आहे. बावीस वर्षं आम्ही दोघं तिथं काम करतोय. त्यातला बराच काळ मी बोलत होतो आणि दाजी "हूं" म्हणत होते.

चाकूचं सगळं पोलादात असतं, असं दाजी म्हणतात. म्यानात काहीच नसतं असं ते म्हणत नाहीत, पण त्यांना तसं वाटतं हे मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या भिंतीला तीन खण आहेत. पहिल्यात ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं पोलाद. ते चिवट, आपटा, वाकवा, तुटायचं नाही, पण धार बेताची. दुसऱ्यात कार्बनचं काळं पोलाद, दाजींचं लाडकं. त्याला अशी धार येते की कागदाला पातं नुसतं टेकवलं तरी कागदाचे दोन तुकडे होतात. फक्त त्याचे लाड पुरवावे लागतात. वापरलं की पुसा, पुसलं की तेलाचं बोट फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबूस डाग हजर. तिसऱ्या खणात स्टेनलेसच्या काही पट्ट्या होत्या, कोण्या व्यापाऱ्यानं नमुना म्हणून दिलेल्या, आणि त्यांच्यावर धुळीचा थर. स्टेनलेसचं नाव काढलं की दाजी म्हणायचे, "ज्याला चाकू पुसायचा कंटाळा, त्यानं चमचा वापरावा."

कुणाला कुठलं पोलाद द्यायचं, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही असा त्यांचा नियम. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, स्वयंपाकघरातली सुरी हातात घ्यायची आणि मग ठरवायचं. मीही बरोबर जायचो, कमरेचं माप घ्यायला. एका वकिलांनी काळंच पोलाद हवं म्हणून हट्ट धरला होता. दाजींनी त्यांच्या घरची सुरी पाहिली, तिच्या टोकानं डबे उघडल्याच्या खुणा पाहिल्या आणि वकीलसाहेबांना ट्रकच्या पाट्याचा चाकू दिला. ते सहा महिने रुसले. सातव्या महिन्यात त्याच चाकूनं त्यांनी गाडीचा अडकलेला दरवाजा उचकटला, आणि दुकानात येऊन दाजींचा हात कितीतरी वेळ हलवत राहिले. दाजी बुटांकडे बघत होते.

माझी बहीण, आमची ताई, जाऊन सात वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर दाजी दुःखी दिसले असते तर बरं झालं असतं, निदान समजूत घालता आली असती. ते नुसते कमी होत गेले. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग हसणं. एके दिवशी माझी बायको म्हणाली, "त्यांचं लग्न लावून द्या."

"मी त्यांच्या बायकोचा भाऊ आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तुम्ही म्हणायला हवं. दुसरं कोणी म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत."

बायकोचं म्हणणं पटलं की मला राग येतो. दोन दिवस मी राग धरला. मग मीही दुकानाच्या दाराकडे डोळे लावून बसलो. पण शिकारीचे चाकू घ्यायला येतात ते सगळे दाढीवाले.

आणि मग होडीवाल्या बाई आल्या.

पन्नाशीच्या असतील. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर ओल्या दोराचं वेटोळं, आणि वाऱ्यात बोलायची सवय लागलेला आवाज, म्हणजे बंद खोलीत बोलल्या की रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा. खाडीच्या मुखाशी त्यांच्या दोन होड्या होत्या. हौशी लोकांना त्या मासेमारीला घेऊन जायच्या, आणि परवान्याचा हंगाम असला की बदकांच्या आणि रानडुकरांच्या शिकारीलाही.

"एक चाकू हवाय," त्या म्हणाल्या. "मासा साफ करता आला पाहिजे, शिकार सोलता आली पाहिजे, आणि वेळ आली तर दोर कापता आला पाहिजे."

"तीन चाकू लागतील," दाजी त्यांच्या बुटांकडे बघत म्हणाले. "माशाला पातळ, लवणारं पातं. शिकारीला जाड. दोराला..."

"मला कंबर एकच आहे."

दाजींनी वर बघितलं. मी शिवण थांबवली, कारण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

"मधलं काहीतरी काढता येईल," ते म्हणाले. "पाठीला तीन मिलिमीटर, टोकाकडे उतरतं. बसा."

बावीस वर्षांत त्या दुकानात कुणालाही "बसा" म्हटलं गेलं नव्हतं. खुर्चीही नव्हती. मी माझं स्टूल दिलं आणि उभ्यानंच शिवायला लागलो.

"आणि पोलाद कुठलं घालणार?"

"ते तुमच्या घरची सुरी बघून ठरवू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की भिंतीवरचं एक पातं वाजलं. म्हणाल्या, "रविवारी या."

रविवारी दाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी काही बोललो नाही. मला बोलायचं किती होतं हे फक्त मलाच माहीत.

बाईंचं घर खाडीच्या अगदी काठावर. दारात जाळी वाळत घातलेली, ओल्या बुटांची रांग, आत शिरलं की लगेच स्वयंपाकघर. बाई म्हणाल्या, "वडील आत पडलेत, त्यांना उठवत नाही. सुरी तिथं खिळ्याला आहे. तुम्ही बघा, तोवर मी होडी बांधून येते." आणि गेल्या.

सुरी सुती फडक्यात गुंडाळून वेगळ्या खिळ्याला टांगलेली होती. दाजींनी फडकं सोडलं आणि सुरी उजेडात धरली. काळ्या पोलादाची जुनी सुरी. चाळीसएक वर्षं धार लावून लावून पातं झिजून अरुंद झालेलं, पण धार सरळ रेषेत, आणि अंगावर तेलाचा इतका पातळ हात की बोटाला लागावा आणि दिसू नये. बाहेर खारा वारा सुटलेला. पात्यावर एक डाग नव्हता.

"बघ," दाजी मला म्हणाले. "या हवेत. जी बाई सुरी अशी सांभाळते..."

"ती काय?"

"काही नाही. काळं पोलाद. दुसरा विचारच नको."

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. खरं तर तिथंच लक्ष द्यायला हवं होतं.

बाई आल्यावर मी कमरेचं माप घेतलं. त्या डावखुऱ्या होत्या. त्यांच्यासाठी मी माझ्याकडचं सगळ्यात जाड चामडं काढलं आणि दुहेरी शिवणीचं म्यान शिवलं. आजवर शिवलेल्यांतलं ते सगळ्यात देखणं म्यान होतं, आणि हे मी माझ्या तोंडानं सांगतोय कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

असा चाकू दाजींचा आठ दिवसांत होतो. याला चोवीस दिवस लागले. मुठीचं माप घ्यायचंय म्हणून त्यांनी बाईंना चार वेळा बोलावलं. एका मुठीला चार मापं मी बापजन्मी ऐकली नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. पण मी गप्प बसलो, आणि बाईही दर वेळी वेळेवर हजर राहिल्या. दाजी त्यांना भट्टी दाखवायचे, त्या दाजींना भरती-ओहोटीचं सांगायच्या. एकदा पातं लालबुंद करून दाजींनी तेलात बुडवलं आणि मग ते पुन्हा मंद आचेवर ठेवलं.

"कडक केलंत, आता परत मऊ कशाला करताय?" बाईंनी विचारलं.

"नुसतं कडक राहिलं तर पहिल्याच धक्क्याला तुटतं. म्हणून ताठा थोडा उतरवायचा."

"माणसांचा उतरवता येतो का?"

"मेहुण्यांवर प्रयोग चालू आहे," दाजी म्हणाले.

सात वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद, आणि तो माझ्यावर. मला इतका आनंद झाला की आपला अपमान झालाय हे माझ्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर, बायकोला सांगताना.

चाकू झाला. बाई खूश होऊन घेऊन गेल्या. दाजी चार दिवस मशीनवर शीळ घालत होते.

अकराव्या दिवशी बाईंनी तो चाकू काउंटरवर आदळला. "हा बघा तुमचा चाकू."

मी म्यानातून काढायला गेलो तर निघेना. जोर लावून ओढला. पातं तांबूस झालं होतं, पाठीपासून धारेपर्यंत.

"कापलेल्या माशाला लोखंडाचा वास येतो," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक नाक मुरडतं."

"पुसला नव्हतात?" दाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, अविश्वास होता.

"होडीत सहा माणसं, गळाला मासा, हाताला खवले, आणि मी चाकूला तेल लावत बसू?"

"पण घरची सुरी..."

"ती होय? ती माझे वडील सांभाळतात. तीस वर्षं जहाजावर आचारी होते. मी एकदा ती बादलीत टाकून ठेवली होती, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मला हात लावायची परवानगी नाही."

मी दाजींकडे बघितलं. पाच आठवडे आपण ज्या व्यक्तीच्या निगुतीवर भाळलो होतो ती म्हणजे ब्याऐंशी वर्षांचा एक निवृत्त आचारी आहे, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. आधी त्यांचे कान लाल झाले. मग खांदे हलायला लागले. मग ते हसायला लागले, काउंटरला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाई दोन क्षण रागानं बघत राहिल्या आणि मग त्यांचाही बांध फुटला.

"मी सुरी बघितली," दाजी डोळे पुसत म्हणाले. "सुरी कुणाची ते विचारायचं राहिलं."

मग त्यांनी माझं म्यान उचललं, आत बोट घातलं, हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. "तुझं चामडं खारं पाणी पिऊन बसलंय. चाकू दिवसभर ओल्या फडक्यात ठेवल्यासारखा. निम्मा गंज तुझा."

त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही.

दाजींनी गंज काढला, धार लावली आणि म्हणाले, "दर आठ-दहा दिवसांनी आणत जा. काळ्या पोलादाला आमच्याकडे आयुष्यभर धार फुकट आहे." आणि बाई आणायला लागल्या. येताना कधी मासे घेऊन यायच्या, कधी नुसत्याच. चाकूचं काम पंधरा मिनिटांचं, बसणं तासाभराचं. दुकानात दोन खुर्च्या आल्या. दाजी जेवायला लागले, आणि एकदा तर त्यांनी माझ्या बायकोला भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "मीठ बरोबर होतं. पण त्यांना आता चव कळायला लागली. तो गंज असाच लागू दे."

मीही तेच म्हणत होतो. गंजाचं इतकं भलं मी आयुष्यात कधी चिंतलं नव्हतं. आणि एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती, मला आणि दाजींना. उत्तर तिसऱ्या खणात पडलेलं होतं. त्या धुळकट पट्ट्यांचा चाकू केला की बाईंचा त्रास संपणार होता आणि त्यांचं येणंही. म्हणून त्या खणाचं नाव मीही काढत नव्हतो आणि तेही काढत नव्हते. दाजी रोज थोडं थोडं धाडस गोळा करत होते. अजून महिनाभर गंज लागता तर ते नक्की बोलले असते, असं मला आजही वाटतं.

पाचव्या खेपेला बाई खुर्चीत बसून अगदी सहज सांगायला लागल्या. "परवा गंमत झाली. नांगराचा दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला आणि होडी खडकाकडे निघाली. एका झटक्यात कापायला हवा होता, पण धार गेलेली. चार वेळा घासावं लागलं. लोक असे किंचाळत होते की काय सांगू." त्या हसत होत्या.

मीही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी चाकू घेतला, गंज काढला, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धार लावली आणि परत दिला. बाई गेल्यावर ते मागच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो तर ते तिसऱ्या खणापुढे उभे राहून पट्ट्यांवरची धूळ फुंकत होते.

"स्टेनलेस?" मी विचारलं.

"हो."

"मग ती येणार कशाला?"

हे आम्ही पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होतो. दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "नाही आली तर नाही आली," ते म्हणाले.

"दाजी, नसता शहाणपणा करू नका. चार दिवस थांबा. आधी तिच्याशी बोला. चाकू काय, नंतरही होईल."

"म्हणजे मी तिच्या हातात असा चाकू ठेवायचा, की तो बिघडावा आणि तिनं इकडं यावं? आणि मध्येच होडी खडकावर गेली तर?" त्यांनी पट्टी उजेडात धरली. "चाकू तिच्या कामाचा पाहिजे. माझ्या कामाचा नको."

मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला, की टेबलावर परत येऊन मी पहिल्याच टाक्याला आरी बोटात घुसवून घेतली.

स्टेनलेस दाजींच्या भट्टीत जमत नाही. त्याला नेमकी आच लागते, रंग बघून चालत नाही. "माझ्या पात्याला दुसऱ्याच्या भट्टीत पाणी द्यायचं नाही," असं जन्मभर सांगत आलेला हा माणूस पातं वर्तमानपत्रात गुंडाळून बसनं दोन तासांवरच्या कारखान्यात गेला, जिथं यंत्रांचे भाग विजेच्या भट्टीत कडक करतात. तिथल्या माणसानं विचारलं, "किती तापवू?" दाजी म्हणाले, "पिकल्या संत्र्याच्या रंगापर्यंत." तो म्हणाला, "काका, आकडा सांगा." दाजींना आकडा माहीत नव्हता. त्यांनी त्याच्याकडूनच तो शिकून घेतला आणि तळहातावर लिहून आणला.

खरं तर त्या खणात दोन जातींच्या पट्ट्या होत्या. एक पोलादाची भुकटी दाबून केलेली. तिची धार वर्षभर टिकते, पण गेली की साध्या दगडावर परत येत नाही, कारागिराकडेच जावं लागतं. शिवाय खडकावर आपटली तर धारेचा टवका उडतो. दुसरी साधी. तिची धार काही आठवडे राहते, पण ती चिवट, आणि बोटाएवढ्या दगडावर पाच मिनिटं घासली की कुणालाही धार परत आणता येते. मी म्हटलं, "पहिली घ्या. निदान वर्षातून एकदा तरी येईल."

"तिची तिला धार लावता आली पाहिजे," दाजी म्हणाले. "खाडीत मी कुठं असणार?" आणि दुसरी घेतली.

पातं तयार झाल्यावर त्यांनी ते मिठाच्या पाण्याच्या बादलीत आठ दिवस बुडवून ठेवलं. रोज सकाळी बाहेर काढून भिंगातून बघायचे. एक ठिपका आला असता तरी चाललं असतं, असं मला वाटायचं. आला नाही. आणि मी काय केलं, ते सांगायला जीभ रेटत नाही. बावीस वर्षं चामडं शिवलेल्या या हातांनी मी प्लास्टिकचा पत्रा तापवून वाकवला, पाणी निघून जायला खाली भोक ठेवलं आणि त्याला म्यान म्हटलं. ते झालंही चांगलं, हे आणखी वाईट.

बाई आल्या. दाजींनी त्यांना नवा चाकू दिला, छोटा दगड दिला आणि धार कशी लावायची ते शिकवलं. त्या दुसऱ्याच प्रयत्नात शिकल्या. जुना काळा चाकू त्यांनी वडिलांसाठी ठेवून घेतला. मग दाजी हात पुसत म्हणाले, "आता तुम्हाला इथं यायची गरज नाही. कधीच."

असं कुणी बोलतं का? मी कपाळावर हात मारला, तो आवाज दोघांनीही ऐकला. बाईंनी चाकू म्यानात सरकवला. मग म्हणाल्या, "बरं." त्यांचा आवाज इतका हळू असू शकतो हे मला तेव्हा कळलं.

पहिले दहा दिवस गेले. मग वीस. दाजी काम करत होते, जेवत होते, माझ्या बायकोला मिठाबद्दल काही बोलत नव्हते. दार वाजलं की मशीन थांबायचं आणि दाढीवाला आत आला की परत सुरू व्हायचं. मी म्हटलं, "आपणच जाऊन येऊ खाडीवर. चाकू कसा चाललाय ते विचारायला." ते म्हणाले, "चाकू चांगलाच चाललाय. मीच केलाय." बायको म्हणाली, "तुमच्या घरातली माणसं स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करून वर ऐटीत चालतात." मी म्हटलं, ते माझ्या घरातले नाहीत, ताईच्या घरातले आहेत. ती म्हणाली, एकच.

एकतिसाव्या दिवशी, सकाळी, मंगळवारी, बाई आल्या. रबरी बूट नव्हते. खांद्यावर दोर नव्हता. त्यांनी चाकू काउंटरवर ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

दाजी हात पुसत पुढे आले. चाकू काढला. कागदावर चालवला, कागद दोन झाला. मनगटावर फिरवला, केस उडाले. भिंग लावून दोन्ही अंगं बघितली.

"धार आहे," ते म्हणाले.

"आहे."

"गंज नाही."

"नाही."

"मूठ हलतेय का?"

"नाही हलत."

"म्यान तर नाही ना बिघडलं?" हे विचारताना त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं.

"म्यान उत्तम आहे."

दाजी चाकू हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं, शपथेवर सांगतो. "मग बिघडलंय काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "महिनाभर वाट बघितली काहीतरी बिघडेल म्हणून. बिघडेचना. शेवटी तशीच आले."

मागच्या खोलीत मशीन आज चालूच राहिलं होतं. दाजी आत गेले, ते बंद केलं आणि परत आले. मग बाईंच्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाले, "महिनाभर मी दाराकडे बघत होतो."

मी उठलो.

"कुठं निघालास?" दाजींनी घाबरून विचारलं.

"दोरा संपलाय," मी म्हटलं. दोऱ्याचं भरलेलं रीळ टेबलावर सगळ्यांच्या समोर होतं. बाईंनी ते बघितलं, दाजींनीही बघितलं, पण कुणी मला अडवलं नाही.

रस्ता ओलांडून मी समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला रडू कोसळलं. आनंदानंच, पण रडूच. ताई गेली तेव्हाही दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, मीच धाय मोकलून रडलो होतो. आमच्या दोघांत ते काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.